तंबूत एकटी, बाहेर उणे एक

‘ताई,

मी अठ्ठावीस वर्षांची आहे. गेली चार-पाच वर्षं ग्रुपबरोबर ट्रेक करते. तंबू कुठे लावायचा, सकाळी कधी निघायचं, कुठून मागे फिरायचं, हे सगळं लीडर ठरवायचे. मी फक्त चालायचे. आता वसंताच्या सुरुवातीला एकटीने तीन रात्री आणि चार दिवसांची वाट करायचं मनात आहे. डोंगरांतून फिरून पुन्हा त्याच जागी येणारी ६२ किलोमीटरची गोल वाट आहे. पायथ्याच्या गावात तेव्हा दिवसा १२ आणि रात्री ४ अंश असेल, असं दिसतंय. वाट गावापेक्षा साधारण ७५० मीटर उंचावरून जाते. मैत्रिणीची स्लीपिंग बॅग मिळाली आहे, तिच्यावर ‘० अंश’ लिहिलंय. काल सॅक भरून पाहिली तर १९ किलो भरली. माझं वजन ५६ आहे. थंडीचं मला फारसं वाटत नाही, रात्रीची मात्र भीती वाटते. आई जाऊ नकोस म्हणते, मित्र म्हणतात काही होत नाही, बिनधास्त जा. मी काय करू?

– निघालेली, पण उंबऱ्यात अडखळलेली’

ताई म्हटलंस, म्हणून अहो-जाहो बाजूला ठेवते.

जा. पण ही वाट आत्ता नको, आणि ही सॅक घेऊन तर नकोच.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दोन्ही वेळा ‘मी फक्त चालायचे’ या तीन शब्दांपाशी थांबले. लीडरचं काम वाट दाखवण्याचं असतं असं आपल्याला वाटतं. वाट आता फोनही दाखवतो. लीडर किंवा सोबतचं कुणीही खरं काम करतं ते तुझ्याकडे बघण्याचं. ‘अगं, ओठ बघ तुझे, जॅकेट घाल आधी.’ ‘तासभर झाला, पाणी प्यायलीस का?’ ‘साडेतीन वाजले, आता पुढे नको.’ एकटं गेल्यावर सॅकमध्ये सगळं असतं, फक्त हे बोलणारं माणूस नसतं. त्याची कामं घरी बसून कागदाला, घड्याळाला आणि घरच्या कुणाला तरी वाटून द्यायची असतात. एकट्याच्या ट्रेकची तयारी म्हणून मी एवढंच मानते, सामानाची यादी त्यानंतर.

माझीच गोष्ट सांगते. पहिल्यांदा एकटी गेले तेव्हाही असेच वसंतातले दिवस होते. सकाळपासून भुरभुर, सहा-सात अंश असेल. हाडं गोठवणारी थंडी काही नव्हती. अंगात सुती टी-शर्ट, वर रेन जॅकेट. चढ जोरात चढले, घामाने आतून निथळले आणि खिंडीत खायला म्हणून बसले. तिथे वारा होता. दहा मिनिटांत बोटं अशी झाली की जॅकेटची चेन धरता येईना. सॅकमध्ये कोरडं, जाड, चांगलं जॅकेट होतं. पण मला काय वाटलं माहीत आहे? ‘आता सॅक कोण उघडत बसणार, खाली उतरले की घालेन.’ तशीच दोन तास चालत राहिले. पुढे एका निवाऱ्यात दोन वयस्क ट्रेकर बसले होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. माझी सॅक काढून घेतली, उघडली, जॅकेट माझ्या अंगात चढवलं आणि हातात गरम पाण्याचा मग दिला. मग कुठे मला हुडहुडी भरली, आणि मग कळलं की मघापासून ती थांबलीच होती.

‘सॅक कोण उघडणार’ हा विचार मी केला नव्हता, तो थंडीने केला होता. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांच्या खाली जायला लागलं की आधी बोटं जातात, पाठोपाठ विचार जातो. माणूस अडखळतो, शब्द तोंडात घोटाळतात, उगाच चिडचिड होते आणि ‘मला काही झालेलं नाही’ याची फार खात्री वाटू लागते. कुडकुडणं हे चांगलं लक्षण आहे, शरीर अजून भांडतंय. गरम न होताच कुडकुडणं थांबलं, तर मात्र मामला गंभीर आहे.

तुला थंडीचं फारसं वाटत नाही, ते का हे मला समजतं. बारा आणि चार हे आकडे काही भीतीदायक नाहीत. पण ते गावाचे आहेत. दर १००० मीटरला हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते, म्हणजे तुझ्या ७५० मीटरवर जवळपास पाच अंश कमी. दिवसा सात, रात्री उणे एक. त्यात वारा धर. ५ अंशांत ताशी ४० किलोमीटरचा वारा असला, तर उघड्या कातडीला ते उणे एकसारखं लागतं. वर ओली असलीस तर विचारूच नकोस, कारण पाणी शरीरातली उष्णता हवेच्या साधारण २५ पट वेगाने ओढून नेतं. म्हणून शून्य ते दहा अंशांचा पावसाळी दिवस मला उणे दहाच्या कोरड्या दिवसापेक्षा वाईट वाटतो. उणे दहात बर्फ अंगावरून झटकता येतो. पाच अंशांतला पाऊस आत मुरतो.

तेव्हा कपड्यांचं एकदाच सांगते. सुती काहीही घेऊ नकोस, अंतर्वस्त्रंसुद्धा नाही. अंगाला लागून लोकरीचा किंवा सिंथेटिक पातळ थर, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जॅकेट. तशीच पावसाची पॅन्ट, ती लोक हमखास घरी विसरतात. थांबल्यावर घालायला एक फुगीर, उबदार जॅकेट, ते सॅकच्या तळाशी नाही, अगदी वरती. कानटोपी. हातमोज्यांचे दोन जोड, कारण एक भिजणारच. सकाळी चालायला लागताना थोडी थंडी वाजली पाहिजे. ऊबदार वाटत असताना निघालीस तर पंधरा मिनिटांत घाम येणार आणि पुढचा दिवसभर तो घाम तुला छळणार. चढ लागायच्या आधी थांबून एक थर काढ. कंटाळा येतो, मला अजूनही येतो.

झोपायचे कपडे वेगळे. एक थर्मलचा जोड आणि जाड मोजे वॉटरप्रूफ पिशवीत बांधून ठेव आणि काहीही झालं तरी ते घालून चालू नकोस. सकाळी कालचे ओले मोजे पुन्हा पायात चढवणं हा अशा ट्रेकचा सगळ्यात नकोसा क्षण. रात्रीचे कोरडे मोजे समोर दिसत असतात, हात तिकडेच जातो. जाऊ देऊ नकोस.

आता कागदाचं काम. पोस्टकार्डाएवढा कागद घे, पेन्सिलने लिही (शाई भिजली की पसरते) आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वरच्या खिशात ठेव. माझ्या कागदावर आजही पहिली ओळ आहे: ‘थांबले की आधी जॅकेट, मग बाकीचं.’ खाण्याच्या आधी, फोटोच्या आधी, नकाशा काढायच्या आधी. दुसरी ओळ: दर तासाला घड्याळ वाजलं की पाणी, दोन घास आणि अंगठा करंगळीला टेकवून बघायचं. टेकत नसेल, तर हात कामातून चाललेत. लगेच थांबायचं, कोरडं घालायचं, गोड खायचं, गरज पडली तर तिथेच तंबू. तिसरी ओळ परतायच्या वेळेची. ती वाटेबद्दल बोलताना सांगते. हे नियम डोंगरात बसून बनवायचे नसतात, तिथे ते फक्त वाचायचे.

तुझ्या मैत्रिणीच्या स्लीपिंग बॅगकडे वळू. ‘० अंश’ हा आकडा कसला आहे, ते आधी बघ. चांगल्या बॅगच्या आतल्या लेबलवर दोन-तीन तापमानं असतात: कम्फर्ट, लिमिट आणि कधी कधी एक्स्ट्रीम. कम्फर्ट म्हणजे चाचणीतल्या ‘सरासरी स्त्री’ला सैलावून नीट झोप लागेल ते तापमान. लिमिट म्हणजे ‘सरासरी पुरुष’ अंगाचं मुटकुळं करून आठ तास कशीबशी झोप काढेल ते. एक्स्ट्रीम हे झोपेचं तापमान नव्हेच, जीव वाचण्याचं आहे. दुकानात ठळक अक्षरांत छापतात तो आकडा बरेचदा लिमिटचा असतो. तुझा शून्य हा लिमिट असेल, तर तुझं कम्फर्ट साधारण पाच अंशांच्या आसपास येईल, आणि बाहेर असणार उणे एक. बॅग जुनी असेल, वर्षानुवर्षं पिशवीत कोंबून ठेवलेली असेल, तर भरण दबून ऊब आणखी कमी झालेली असते. मी तुझ्या जागी असते तर कम्फर्ट उणे पाचवाली बॅग भाड्याने घेतली असती. विकत घ्यायची घाई करू नकोस. एकटीने झोपणं आवडतं का, ते तरी आधी कळू दे.

आणि बॅगइतकीच महत्त्वाची मॅट. लोक महागडी बॅग घेतात आणि खाली योगासनाची चटई टाकतात. अंगाखाली बॅगचं भरण दबतं, दबलेलं भरण ऊब देत नाही आणि जमीन रात्रभर तुझी उष्णता शोषत राहते. मॅटवर आर-व्हॅल्यू लिहिलेली असते, म्हणजे ती उष्णता किती अडवते त्याचा आकडा. साध्या घडीच्या फोम मॅटची दोनच्या आसपास. तुला शून्याच्या खाली थोडं जायचंय, साडेतीन-चार तरी हवी. गंमत म्हणजे हे आकडे बेरजेत चालतात. दोन फोम मॅट एकमेकींवर टाकल्यास तर चार. स्वस्त, फुटायची भीती नाही, फक्त सॅकला बांधल्यावर ध्यान दिसतं.

जागा निवडताना ओढ्याकाठचं सपाट, हिरवं कुरण तुला खुणावेल. फोटोत फार सुंदर दिसतं. तिथे लावू नकोस. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून पाण्यासारखी खाली येते आणि अशा खोलगट जागेत साचते. मी एकदा तिथेच झोपले. सकाळी तंबूच्या आतल्या बाजूला बर्फाचे कण होते, आणि वीस-तीस मीटर वर झाडांखाली गवतावर साधं दंवही नव्हतं. थोडं वर, वाऱ्याच्या आडोशाला, झाडांच्या छायेत लाव, पण वर बघून. वाळलेली फांदी डोक्यावर नको. पाण्यापासून साठेक मीटर लांब राहा, हे ओढ्यासाठीही चांगलं आणि तुझ्यासाठीही. तंबूची हवेची खिडकी थोडी उघडी ठेव. गारठ्यामुळे सगळं बंद करावंसं वाटतं, पण रात्रभराचा श्वास आतल्या कापडावर पाणी होऊन गळतो. नाकतोंड बॅगच्या आत खुपसून झोपू नकोस, तीच वाफ बॅगमध्ये जाते.

झोपायच्या आधी काहीतरी स्निग्ध खा. शरीर ही भट्टी आहे आणि बॅग नुसती गोधडी, भट्टीत काही नसेल तर गोधडी काय करणार? पक्क्या झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भर, मोज्यात घाल, मांड्यांच्या मध्ये ठेव. आणि लघवीला जाऊन ये. रात्री दोनला जाग आली की ‘सकाळपर्यंत धरते’ म्हणून कुडकुडत पडू नकोस. उठ, जाऊन ये, पाच मिनिटांचा त्रास आहे. मी हे शिकायला तीन ट्रेक घेतले.

त्याच बॅगमध्ये रात्री आणखी तीन पाहुणे घे: फोन, पाण्याचा फिल्टर आणि गॅसचं कॅनिस्टर. गारठ्यात बॅटरी झपाट्याने उतरते. पोकळ धाग्यांचा फिल्टर ओला असताना गोठला तर आतून तडकतो, बाहेरून काही दिसत नाही आणि तू खुशाल गढूळ ओढ्याचं पाणी पीत राहतेस. शंका आली तर पाणी उकळ. खळाखळा उकळी आल्यावर एक मिनिट, दोन हजार मीटरच्या वर तीन. गॅसचं म्हणशील तर नुसत्या ब्यूटेनचं कॅनिस्टर घेऊ नकोस. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे अर्ध्या अंशाच्या आसपास, म्हणजे तुझ्या सकाळी ते बाहेर यायलाच नाखूश असेल. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण असलेलं घे. थंडावलेलं कॅनिस्टर हातात, जॅकेटमध्ये गरम कर, ज्योतीवर कधीच नाही. आणि कितीही पाऊस असला तरी बंद तंबूत स्टोव्ह पेटवायचा नाही. आगीची भीती तर आहेच, पण कार्बन मोनॉक्साइडला वासही नसतो.

आता तुझी १९ किलोंची सॅक. तुझ्या वजनाची एक तृतीयांश झाली की गं ती! ढोबळ नियम असा, की वजनाच्या पाचव्या भागाच्या आसपास राहावं. तुझ्यासाठी ११-१२ किलो, पाणी आणि खाणं धरून. थंडीमुळे किलोभर वर गेलं तर चालेल. यादी तू पाठवली नाहीस, तरी सांगते काय असेल त्यात: तीन टी-शर्ट, जादा जीन्स किंवा तत्सम काहीतरी, दोन पॉवर बँक, मोठा टॉवेल, चार माणसांचं भांडं, पूर्ण बाटली शाम्पू, आणि चार दिवसांऐवजी सात दिवसांचं खाणं. थंडीत भूक वाढते हे खरं, पण दिवसाला पाऊण किलोच्या आसपास कोरडं खाणं पुरतं. वाटेत पाणी मिळत असेल तर सगळं पाणी घरून वाहून नेऊ नकोस, एक लिटर म्हणजे एक किलो. तंबू ग्रुपमधला तीन माणसांचा उचललायस का? तो बदल. हलकं करायच्या नादात ज्याला हात लावायचा नाही, ते असं: उबदार जॅकेट, पावसाचे कपडे, मॅट, हेडटॉर्च आणि त्याच्या जादा बॅटऱ्या, प्रथमोपचार, शिट्टी, छापील नकाशा. सॅकचा कमरेचा पट्टा नितंबांच्या हाडांवर घट्ट बसव, वजन तिथे यायला हवं. खांदे दुखत असतील तर पट्टा चुकीच्या जागी आहे.

वाटेबद्दल माझं म्हणणं स्पष्ट आहे. पहिल्यांदा एकटी जाताना गोल वाट नको. गोल वाटेत तू निम्म्यावर पोचतेस तेव्हा सर्वांत दूर असतेस, आणि मागे फिरणं आणि पुढे जाणं सारखंच लांब. अशा वेळी माणूस नेहमी पुढेच जातो. म्हणून जा-ये करायची वाट निवड. एका बाजूने आत जायचं, राहायचं, त्याच वाटेने परत. त्यात प्रत्येक पावलाला मागे फिरता येतं, आणि मागची वाट तू नुकतीच पाहिलेली असते. दोन रात्री पुरे. याच ६२ किलोमीटरच्या वाटेचा पहिला तुकडा घे हवं तर: दहा-बारा किलोमीटर आत, दुसऱ्या दिवशी सॅक तंबूत ठेवून हलकं फिरणं, तिसऱ्या दिवशी बाहेर. तिसऱ्या रात्रीचं खाणंही वाचलं, सॅक आणखी हलकी.

वेळेचा हिशेब करायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला नियम अजून कामाला येतो. साधारण ५ किलोमीटरला एक तास, शिवाय चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. समजा तुझा एक दिवस १८ किलोमीटर आणि ९०० मीटर चढाचा आहे. साडेतीन तास अधिक दीड तास, पाच तास झाले. पण तो हिशेब तगड्या, हलक्या माणसाचा. पाठीवर बोजा असेल तर मी दीडपट करते, साडेसात तास. त्यात थांबे, फोटो, चुकलेलं वळण, नऊ तास. सकाळी नऊला निघालीस तर संध्याकाळचे सहा, आणि वसंताच्या सुरुवातीला दिवस-रात्र जवळपास सारखे असतात, म्हणजे अंधार दारात. म्हणून कागदावरची तिसरी ओळ: ‘दुपारी दोनपर्यंत निम्म्याच्या पुढे नसेन, तर परत.’ तास तुझ्या वाटेप्रमाणे ठरव, पण घड्याळाचा आकडा लिही. ‘उशीर झाला तर’ असं लिहू नकोस. उशीर कधी झाला, हे दमलेल्या माणसाला कळत नाही.

वसंतातले ओढे फसवे असतात. वर बर्फ असेल तर तो दिवसभर वितळतो आणि दुपारनंतर पाणी वाढतं, पहाटे सगळ्यात कमी असतं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी परतताना मांडीपर्यंत आलेला असू शकतो. वेगाचं पाणी गुडघ्यापर्यंत असलं तरी माणसाला पाडतं. ओलांडायचाच असेल तर सॅकचे कमरेचे आणि छातीचे पट्टे आधी सोड, पडलीस तर सॅक टाकून देता आली पाहिजे. शंका आली तर तंबू लाव आणि पहाटेची वाट बघ. सावलीतल्या उतारांवर अजून कडक बर्फ असेल आणि खाली घसरगुंडी दिसत असेल, तर तिथूनच परत. बर्फावर घसरणं थांबवायचं तंत्र शिकल्याशिवाय तो प्रयोग एकटीने करायचा नसतो. जायच्या आठवड्यात त्या भागाच्या वनखात्याच्या किंवा उद्यानाच्या चौकीत फोन करून बर्फ, पूल, परवाने, सगळं विचार. महिन्यापूर्वी कुणी काढलेल्या फोटोंवर विसंबू नकोस. गवतातून चालून आल्यावर गोचीड तपास, वसंतात त्याही जाग्या होतात.

रात्रीची भीती. तू ती शेवटी, घाईत लिहिलीस, तरी पत्र तिच्यामुळेच लिहिलंस असं मला वाटतं. मलाही वाटायची. पहिल्या रात्री मी एका अस्वलाबरोबर चार तास जागी राहिले. सकाळी कळलं की तंबूची दोरी सैल होती आणि कापड फडफडत होतं. तंबूत आवाज दिसत नाहीत, नुसते ऐकू येतात, आणि बारीकसा उंदीरसुद्धा वाळक्या पानांवर माणसाएवढा वाजतो. उपाय अगदी साधे. अंधार पडायच्या आत तंबूभोवती एक फेरी मार, कुठली फांदी हलते, पाणी कुठे वाजतं ते बघून ठेव. रात्री त्या आवाजांना ओळख असते. दोऱ्या ताण. खाणं तंबूत ठेवू नकोस. त्या भागात कुठले प्राणी आहेत आणि खाणं कसं ठेवायचं, तेही चौकीत विचारून घे.

आणि रात्र किती मोठी असते, याची तयारी ठेव. याबद्दल कुणी सांगत नाही. सातला अंधार, थंडीमुळे आठला बॅगमध्ये, उजाडणार सहाला. दहा तास! इतकं कुणाला झोपवतं? एक पातळ पुस्तक घे, वही घे. दोनला जाग येईल, ती येणारच, तिला संकट समजू नकोस.

प्राण्यांपेक्षा माणसांचं तुला जास्त वाटत असेल, तर तेही वावगं नाही. तंबू रस्त्यापासून आणि मुख्य वाटेवरून दिसणार नाही असा लाव. आजचा मुक्काम कुठे, हे वाटेत भेटलेल्या अनोळखी माणसाला सांगू नकोस, फोटो घरी परतल्यावर टाक. ‘एकटीच?’ असं विचारलं तर ‘मागून येतायत बाकीचे’. हे खोटं बोलायला मी तुला परवानगी देते.

या सगळ्याच्या आधी एक रात्र मात्र घराजवळ, जिथे तंबू लावता येईल आणि दहा मिनिटांत घरात पळता येईल अशा जागी काढ. थंडीची, जमलं तर पावसाची. अंधारात हातमोजे घालून तंबू लावून बघ. स्टोव्ह पेटव. बॅग पुरते का, ते तिथे कळेल. पहाटे तीनला गारठून घरात आलीस तर छानच. तुला हवी असलेली माहिती फुकटात मिळाली.

आईचं राहिलं. तिच्याकडे परवानगी मागू नकोस आणि तिला समजवतही बसू नकोस. तिला काम दे. ज्या माणसाचं कामच तुझी काळजी करण्याचं आहे, त्याच्याइतका चांगला गडी तुला मिळणार नाही. एका कागदावर लिहून दे: कुठल्या वाटेने, कुठे कुठे मुक्काम, तंबूचा आणि जॅकेटचा रंग, गाडी कुठे लावली, बाहेर पडून फोन कधी करणार. मग दुसरी वेळ, जी जास्त महत्त्वाची: अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही, तर कुणाला कळवायचं, त्यांचा नंबर. दोन वेळांमध्ये चार-पाच तासांचं अंतर ठेव, नाहीतर तू ओढ्याकाठी शहाण्यासारखी थांबशील आणि आईने इकडे बचावपथक बोलावलेलं असेल. बेत बदलायचा तो सांगितलेल्या वाटेवरच, लवकर परतण्याच्या दिशेने. वाकडी वाट नवीन सापडली म्हणून घ्यायची नाही, कारण शोधणारे तिथे येणार नाहीत.

फोनला रेंज नसणार असं धर. उपग्रहावरून संकटसंदेश पाठवणारं छोटं उपकरण भाड्याने मिळालं तर घे, मात्र काही देशांत अशी उपकरणं बाळगायला परवानगी लागते, ते आधी तपास. शिट्टी सॅकच्या छातीच्या पट्ट्याला बांध, सॅकच्या आत नको. मदतीची खूण म्हणजे एका मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. पलीकडून तीन आल्या तर कुणीतरी ऐकलंय. हेही आईच्या कागदावर लिही आणि तिला एकदा वाजवून दाखव, तिला बरं वाटेल.

परत आलीस की पहिला फोन तिला. मला नंतर सवडीने लिही, आणि सॅक शेवटी किती किलोंची झाली होती ते न विसरता सांग.